एक ब्राउझर बदलून पाहा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही. पण सुरक्षेची जी डागडुजी दर महिन्याला आपोआप होत असे, ती थांबली. विंडोज ११ घालावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१८च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेले कितीतरी संगणक एका रात्रीत म्हातारे ठरले. कोणी वर्षभराची मुदतवाढ घेतली, कोणी नवा संगणक घेतला. आमच्या घरी पुतण्याने जुन्याच संगणकावर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली बसवून दिली.

नवी प्रणाली आली की माणूस पहिल्यांदा काय उघडतो? ब्राउझर. मराठीत त्याला 'न्याहाळक' असा गोड शब्द सुचवला गेला होता, पण लोकांच्या तोंडी ब्राउझरच राहिला, तर आपणही तोच वापरू. बातमी, रेल्वेचे तिकीट, विजेचे बिल, सातबारा, नातवाचा निकाल, सगळे या एका खिडकीतून दिसते. आणि बहुतेकांच्या बाबतीत ही खिडकी त्यांनी निवडलेली नसते. घर बांधणाऱ्यानेच ती बसवून दिलेली असते. विंडोजमध्ये एज, ॲपलमध्ये सफारी, अँड्रॉइड फोनमध्ये क्रोम. लिनक्स मिंटमध्ये फायरफॉक्स तयार मिळतो. मग दुसरा ब्राउझर शोधायचा कशाला, असे कोणीही विचारील.

यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९९०च्या दशकाच्या मध्यावर नेटस्केप हा ब्राउझर जगभर गाजत होता. १९९५मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर आणला आणि पुढे तो विंडोजबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली. दारात फुकट दूध येऊ लागल्यावर गवळ्याकडे कोण जाणार? १९९८मध्ये अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. २०००मध्ये न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. २००१मध्ये अपिलात तो हुकूम रद्द झाला, मात्र कंपनीने मक्तेदारी टिकवण्यासाठी गैरमार्ग वापरल्याचा ठपका कायम राहिला. तोवर नेटस्केप संपला होता. त्यानंतरची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २००१मध्ये एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली आणि सातवी यायला २००६ उजाडले. समोर कोणी नव्हते, म्हणून पाच वर्षे कंपनी स्वस्थ बसली.

या स्वस्थपणाची किंमत सामान्य माणसाने मोजली. दक्षिण कोरियात बँकेचे व्यवहार इंटरनेटवरून करण्यासाठी ॲक्टिव्ह-एक्स नावाची जोडणी लागे आणि ती फक्त एक्सप्लोररमध्ये चाले. त्यामुळे अख्खा देश कित्येक वर्षे एका कंपनीच्या एका ब्राउझरला बांधला गेला. आपल्याकडचे नुकसान वेगळे होते. त्या काळी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचा वेगळा फॉन्ट वापरत. संगणकाच्या पोटात अक्षर इंग्रजीच असे, वर मुखवटा देवनागरीचा. तो मुखवटा आपोआप उतरवून घेण्याची सोय बहुधा एक्सप्लोररपुरतीच असे. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान उघडले की मराठीऐवजी चिन्हांचा नुसता भुगा. अशा पानांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी 'पद्म' नावाची जोडणी पुढे फायरफॉक्ससाठी निघाली, तेव्हा कुठे वाचणाऱ्यांना हायसे वाटले.

फायरफॉक्स नेटस्केपच्याच राखेतून उठला. १९९८मध्ये नेटस्केपने आपला आतला मजकूर, म्हणजे प्रोग्रॅम, जगासाठी खुला केला. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि ९ नोव्हेंबर २००४ला फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. २००८मध्ये गुगलचा क्रोम आला. एक्सप्लोररची सद्दी संपत गेली आणि १५ जून २०२२ला मायक्रोसॉफ्टनेच त्याला निरोप दिला.

आता बाजारात एवढे ब्राउझर आहेत, म्हणजे निवडीला तोटा नाही, असे वाटेल. इथेच गंमत आहे. ब्राउझरच्या पोटात एक इंजिन असते. आलेल्या मजकुरातून पान रचण्याचे काम ते करते. बाहेरची पाटी, रंग, बटणे हा सारा वरचा साज. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, व्हिवाल्डी या सगळ्यांच्या पोटात गुगलचे ब्लिंक हे एकच इंजिन आहे. ऑपेराने स्वतःचे इंजिन २०१३मध्ये सोडले, मायक्रोसॉफ्टने एजचे २०२०मध्ये. रस्त्यावर पाच हॉटेलांच्या पाच पाट्या असाव्यात आणि मागे भटारखाना एकच असावा, तसा हा प्रकार. खऱ्या अर्थाने वेगळी आणि जगभर वापरात असलेली इंजिने आता तीन उरली आहेत: गुगलचे ब्लिंक, ॲपलच्या सफारीतले वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. त्यातही ब्लिंक हे वेबकिटमधून २०१३मध्ये फुटून निघालेले, आणि वेबकिट हे केएचटीएमएल या लिनक्सच्या दुनियेतल्या जुन्या इंजिनाचे अपत्य.

नव्या प्रणालीचा मला झालेला पहिला फायदा हाच, की लिनक्सवर ही तिन्ही इंजिने शेजारी शेजारी चाखून पाहता येतात. विंडोजसाठी ॲपलने सफारी २०१२नंतर काढलेला नाही. मिंटमध्ये मात्र गेकोचा फायरफॉक्स असतोच. सॉफ्टवेअर मॅनेजर नावाच्या भांडारातून ब्लिंकसाठी क्रोमियम आणि वेबकिटसाठी एपिफनी, ज्याला आता नुसते 'वेब' म्हणतात, ते दोन्ही मिळतात. एक पैसा लागत नाही. नवा घातला म्हणून जुना जात नाही.

तिन्हींची परीक्षा मी माझ्या पद्धतीने घेतली. एक वाक्य तिन्हींत उघडून पाहिले: आचार्यांना जेवायला बोलावले आणि आचाऱ्यांना स्वयंपाक सांगितला. एका जागी रफार, दुसऱ्या जागी अर्धचंद्र र. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज पडत नाही. मराठीत मात्र तो चुकला, तर गुरुजी चुलीपुढे बसतात. तिन्ही ब्राउझर या परीक्षेत उतरले. कारण शोधले तेव्हा कळले की तिन्हींमध्ये अक्षरे जुळवणारा कारागीर एकच आहे, हार्फबझ नावाचा. हा शब्द फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुले. 'तोंडातून हरफ काढला नाही' असे आपण मराठीत म्हणतो, त्यातलाच हा हरफ. मक्तेदारी आणि सहकार यांतला फरक इथे दिसतो. हार्फबझ खुला आहे, कोणीही घ्यावा, तपासावा, दुरुस्त करावा.

माझे वाचन दोन लिप्यांत चालते. उर्दूची गोष्ट थोडी अवघड. ज्या संगणकावर नस्तालीक फॉन्ट नसतो, तिथे उर्दू शेर अरबी वळणाच्या नस्ख अक्षरांत दिसतात. वाचता येतात, पण मैफल जमत नाही. नोटो नस्तालीक हा फुकट फॉन्ट घातला की वळण परत येते. मराठीतही ल चा असाच प्रश्न असतो. आपला दोन पाकळ्यांचा ल आणि हिंदीचा उभ्या दांडीला टेकलेला ल एकाच युनिकोड क्रमांकावर राहतात. फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतील आणि पानाने 'माझी भाषा मराठी' असे आत नोंदवले असेल, तर ब्राउझर मराठी वळण उचलतो. ही नोंद करायला पानाचा कर्ता विसरला, तर दोष ब्राउझरच्या माथी मारू नये.

खरा फरक दिसतो तो पाळतीच्या बाबतीत. आपण एका दुकानात काय पाहिले, हे दुसऱ्या दुकानाला कळवणाऱ्या बारीक नोंदी असतात, त्यांना कुकीज म्हणतात. अशा परक्या कुकीज सफारीने २०२०मध्ये सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने २०२२पासून प्रत्येक स्थळाच्या कुकीज वेगळ्या डब्यात कोंडल्या. क्रोमनेही त्या बंद करण्याचे २०२०मध्ये जाहीर केले होते, पण २०२४मध्ये तो बेत सोडला. ज्या कंपनीचे पोट जाहिरातींवर भरते, तिच्याकडून वेगळी अपेक्षा कशी ठेवावी? अर्थात फायरफॉक्सही धुतल्या तांदळासारखा नाही. गुगलला पहिल्या शोधयंत्राचा मान देण्याबद्दल गुगलकडूनच येणाऱ्या पैशावर त्याचा मोठा भार आहे. ॲपलला तर याच कारणासाठी गुगलने २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले. 'आधीपासून ठेवलेले' या एका सोयीची ही किंमत! माणूस सहसा बदलत नाही, यावरच सारा व्यापार उभा आहे.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. काही स्थळे अजून 'हा ब्राउझर चालणार नाही' म्हणून दार लावतात. मला एका कार्यालयाचा अर्ज फायरफॉक्समध्ये भरता आला नाही, क्रोमियममध्ये भरला. स्थळाच्या दारात प्रत्येक ब्राउझर आपली ओळख सांगतो, ती ऐकून ही दारे उघडतात किंवा लागतात. यातली मजा अशी की क्रोम, सफारी, एज, फायरफॉक्स सगळेच ओळखीची सुरुवात 'मोझिला' या नावाने करतात. पूर्वी चांगली पाने फक्त नेटस्केपला दाखवली जात आणि मोझिला हे त्याचे घरातले नाव होते. मग पानांसाठी सगळ्यांनीच ते नाव लावले. मुशायऱ्यात प्रत्येक शायराने मक्त्यात एकच तखल्लुस घालावे, तसे हे झाले आहे.

कोणाला करून पाहायचे असेल, तर लिनक्सच हवे असे नाही. विंडोज ११वरही फायरफॉक्स सहज बसतो. ती प्रणाली २०२१मध्ये आली, तेव्हा नेहमीचा ब्राउझर बदलायला प्रत्येक प्रकारच्या फायलीसाठी वेगळी निवड करावी लागे. ओरड झाली आणि २०२२मध्ये त्यासाठी एक बटण आले. ब्राउझर नेहमी त्याच्या मूळ स्थळावरून किंवा प्रणालीच्या भांडारातूनच घ्यावा, जाहिरातीवर बोट ठेवून नव्हे. जुन्या ब्राउझरमधल्या खुणा, म्हणजे बुकमार्क, नव्यात आणता येतात, पहिल्यांदा उघडताना तो तसे विचारतो. पासवर्ड मात्र लगेच हलवू नका. पंधरा दिवस नुसते वाचनासाठी वापरा, बँक जुन्यातच राहू द्या. फायरफॉक्स मराठीतही मिळतो, त्याचे पर्याय मराठीत दिसतात. काही शब्द पहिल्या दिवशी अडखळवतील, आठवड्यात सरावाचे होतील.

आणि ज्यांना या विषयाची गोडी लागेल, त्यांनी लेडीबर्ड हे नाव लक्षात ठेवावे. आंद्रेआस क्लिंग या स्वीडिश प्रोग्रॅमरने २०१८मध्ये सेरेनिटी नावाची एक नवी प्रणाली हौसेने लिहायला घेतली. तिच्यासाठी ब्राउझरही कोणाचे इंजिन उसने न घेता लिहिला. २०२४मध्ये तो ब्राउझर प्रणालीपासून वेगळा झाला आणि त्याच्यासाठी ना-नफा संस्था स्थापन झाली. रोजच्या कामाला बाहेर पडेल तेव्हा त्यालाही मी ते आचार्य आणि आचाऱ्यांचे वाक्य वाचायला देणार आहे.