‘स्थानिक’ कोण? : खाणकंपनीची खरेदी आणि एका शब्दाची व्याप्ती

काही शब्दांचा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे यावर ठरतो. ‘येथे’, ‘जवळचा’, ‘आपला’ हे असे शब्द होत. ‘स्थानिक’ हा शब्दही त्याच वर्गात मोडतो. परदेशी कंपनीच्या दृष्टीने यजमान देशातील कोणताही व्यापारी स्थानिक असतो. ज्याच्या शेतावर खाण आली त्याला मात्र स्थानिक म्हणजे आपल्या गावचा, एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. नित्याच्या बोलण्यात ही संदिग्धता खपून जाते. खाणकंपनी व गाव यांच्यातील करारात मात्र पैसा कोणाच्या घरी जाणार हे तिच्यावर अवलंबून राहते. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

घानातील अहाफो या प्रदेशात न्यूमॉण्ट या अमेरिकन कंपनीच्या सोन्याच्या खाणीतून २००६ साली उत्पादन सुरू झाले. तेथील बहुसंख्य लोक शेतीवर जगणारे होत. २००८ साली कंपनी आणि परिसरातील गावे यांच्यात करार झाले. त्यांतील एकानुसार विकासनिधी स्थापन झाला. विकलेल्या सोन्याच्या प्रत्येक औंसामागे एक डॉलर आणि करपूर्व निव्वळ नफ्याचा एक टक्का त्यात जमा व्हावा, असे ठरले. दुसऱ्यानुसार खाणीच्या कामगारांपैकी ३५ टक्के परिसरातील गावांचे असावेत, असे उद्दिष्ट मान्य झाले.

निधीतून शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा या सोयी होऊ शकतात. परंतु असा निधी खाणीच्या उत्पन्नावरच पोसला जातो आणि सोने संपले की त्याचा झराही आटतो. खरेदीची गोष्ट वेगळी आहे. खाणीला गणवेश, भाजीपाला, वाहतूक, दुरुस्ती, बांधकाम अशा असंख्य गोष्टी नित्य लागतात. त्या पुरविताना गावकऱ्याच्या अंगी जे कौशल्य येते, ते खाण बंद झाल्यावरही दुसरे गिऱ्हाईक मिळवून देऊ शकते. म्हणूनच ही खरेदी कोणाकडून होते, हा प्रश्न देणगीच्या रकमेहून अधिक महत्त्वाचा ठरतो.

घानाच्या २००६ च्या खनिज कायद्याने देशी मालाला प्राधान्य देण्याचे बंधन घातले. २०१२ च्या नियमांनी त्याला खरेदीच्या आराखड्याची जोड दिली. परंतु या कायद्याचा ‘देशी’ म्हणजे घानातील. राजधानी अक्रा येथील मोठ्या व्यापाऱ्याकडून माल घेतला तरी अट पूर्ण होते. खाणीशेजारच्या केन्यासीच्या शिंप्याला त्यातून काहीच मिळाले नाही, तरी कायदा मोडत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी खाणीच्या व्यवहारात ‘लोकल-लोकल’ असा जोडशब्द रूढ झाला. देशातला तो ‘लोकल’. खाणीलगतच्या गावांतला तो ‘लोकल-लोकल’. येथील द्विरुक्ती केवळ जोर देण्यासाठी नाही. ती शब्दाचा पैस आकुंचित करून त्याला मूळच्या, नेमक्या अर्थाशी आणून सोडते. मराठीत हे कार्य बहुधा ‘च’ हे अव्यय करते. ‘गावचा’ आणि ‘गावचाच’ यांत जे अंतर, तेच या दोन शब्दांत आहे.

परंतु नेमका शब्द सापडला म्हणजे काम संपले असे नाही. एका मोठ्या ठेक्यात दहा कामे गुंफली, निविदेची वार्ता शहरातच फिरली किंवा मालाचे पैसे महिनोन्‌महिने मिळाले नाहीत, तर अल्प भांडवलाचा गावकरी आपोआप बाहेर पडतो. यास्तव ठेक्यांचे लहान भाग करणे, निविदेची माहिती गावात वेळेवर देणे, देयके लवकर चुकविणे आणि हिशेबाचे शिक्षण देणे हे उपाय आवश्यक असतात. अहाफो येथे २००७ पासून आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या साहाय्याने लहान उद्योजकांना असे प्रशिक्षण देण्यात आले. गावात नुसती पाटी लावून बाहेरचा माल विकणारा मध्यस्थ आणि गावात माल घडविणारा कारागीर, यांतील भेदही व्याख्येत यावा लागतो.

त्याहून कठीण प्रश्न गावाच्या आतला आहे. घानात पुष्कळ शेतकरी परक्याची जमीन वाट्याने कसतात. उत्पन्नाचे तीन वाटे करण्याच्या रीतीस ‘अबुसा’ व दोन वाटे करण्याच्या रीतीस ‘अबुनू’ म्हणतात. स्थानिकत्व वंशावर ठरविले, तर पिढ्यान्‌पिढ्या तेथे राबलेला असा कुळवाडी परका ठरण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न अपरिचित नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडील खाणींच्या चर्चेत तीन शब्द वारंवार येतात : ‘भूमिपुत्र’, ‘स्थानिक’ आणि ‘प्रकल्पग्रस्त’. पहिला जन्माकडे पाहतो, दुसरा वास्तव्याकडे, तिसरा झालेल्या हानीकडे. ‘भूमिपुत्र’ शब्दात कन्येला व्याकरणानेच जागा नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतमजुराची हानी ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दाच्या कायदेशीर अर्थात बसेलच असे नाही. २०१५ च्या केंद्रीय दुरुस्ती-कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निर्माण झाली व खाणपट्टेधारकांवर स्वामित्वधनाच्या प्रमाणात अंशदान देण्याचे बंधन आले. येथेही निधी किती जमला यापेक्षा ‘बाधित’ कोणास म्हणावे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

तात्पर्य, करारातील टक्केवारीकडे सर्वांचे लक्ष जाते. व्याख्येचे कलम बहुधा कोणी वाचत नाही. वस्तुतः टक्केवारीला अर्थ देणारे कलम तेच होय. ते गावकऱ्यांच्या भाषेत, त्यांच्यासमोर वाचले जाणे आणि त्यांना मान्य होणे, ही न्याय्य वाटणीची पहिली पायरी आहे.