शिवध्यान आणि उतारवयातील स्मृती

महाशिवरात्रीस मंचर, घोडेगाव, डिंभे या मार्गाने श्रीक्षेत्र भीमाशंकरास निघालेले भाविक तळेघरास पोहोचले, की क्षेत्र समीप आल्याचा आनंद त्यांच्या मुखावर उमटतो. यात्रेकरूंत वृद्ध मंडळी पुष्कळ. शिवस्तोत्रे मुखोद्गत, सकाळचे औषध घेतले की नाही, हे मात्र आठवत नाही! असा अनुभव घरोघरी आहे.

ध्यानाने हा विसर टळेल काय? पतंजलींनी स्मृतीची गणना चित्ताच्या पाच वृत्तींत केली आहे. अनुभवलेला विषय निसटू न देणे, हे तिचे लक्षण. अर्थात अनुभव मुळात नीट घेतला गेला पाहिजे. चित्त थाऱ्यावर नसता ठेवलेली किल्ली सापडत नाही, कारण ती ठेवल्याचे मनाने टिपलेलेच नसते. ध्यानाचा उपयोग नेमका येथे आहे.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगास प्रयोगाची कसोटी लावली. पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी ५५ वर्षांवरील २५ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. एका गटास योग व मंत्रयुक्त ध्यान, दुसऱ्यास स्मरणाचे व्यायाम दिले. शब्द आठवण्यात दोन्ही गट सुधारले. मनाची उदासी योगगटात अधिक उतरली. पण २५ माणसे म्हणजे लग्नातील एक पंगत. तेवढ्यावरून ध्यानास स्मृतिभ्रंशावरील कवच म्हणणे आम्हांस धाडसाचे वाटते.

तो रोग आहे. भारतात साठीपुढील शंभरांत सुमारे सात जणांस तो असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. आजोबा विसरतात ते देवात लक्ष नाही म्हणून, असा ठपका ठेवणे आम्ही क्रौर्य समजतो. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, धूम्रपान, व्यायामाचा अभाव आणि एकाकीपण यांनी धोका वाढतो. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइडचा विकार यांमुळे आलेला विसर तर औषधाने पुष्कळदा ओसरतो. शाकाहारी घरांनी ब-१२ची तपासणी अवश्य करावी.

वृद्धांनी नित्य पंधरा मिनिटे, गुडघे दुखत असल्यास खुर्चीवर बसून, पंचाक्षरीचा संथ जप करावा. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडू नये. जागरणाचे म्हणाल, तर आठवणी पक्क्या होतात त्या निद्रेत. म्हणून थकलेल्या वडीलधाऱ्यांस पहिल्या प्रहराच्या पूजेनंतर निजू द्यावे. उपवासासाठी रक्तदाबाची गोळी चुकवू नये, आणि मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारल्याविना निराहार राहू नये.