अडीचशे शब्दांचा गोषवारा



गोषवारा हा शब्द शाळेतल्या गुरुजींना नवा नाही. महिना संपला की हजेरीपत्रकाच्या तळाशी तो मांडावाच लागतो. पटावर मुले किती, कामाचे दिवस किती, सरासरी हजेरी किती. महिनाभरात कोणी तापाने निजले, कोणी आईबरोबर रोवण्याला गेले, कोणी मामाच्या गावी राहिले. त्या सगळ्याचे सार चार आकड्यांत उतरते. तपासायला आलेला अधिकारी तेवढेच पाहतो आणि शाळेची स्थिती ओळखतो. मात्र वरची रोजची हजेरी खरी भरलेली असेल तरच. ती अंदाजाने भरली असेल, तर खालचा गोषवारा कितीही सुबक असो, तो खोटाच.

आज मी बोलणार आहे तो गोषवारा डॉक्टरांचा आहे. अपघात, सर्पदंश, विषबाधा, छातीत कळ येणे अशा ऐन वेळेच्या दुखण्यांवर उपचार करण्याच्या शास्त्राला तातडीचे वैद्यक म्हणतात. आपल्या देशात २००९ साली त्याला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. या शास्त्राच्या परिषदा भरतात. तिथे आपले संशोधन मांडायचे असेल, तर आधी त्याचा गोषवारा पाठवावा लागतो. बहुधा अडीचशे-तीनशे शब्दांचा. तुम्ही म्हणाल, हा विषय धान पिकवणाऱ्या माणसाला कशाला? तेच सांगतो.

आमचे बपेरा भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, अगदी राज्याच्या शिवेवर आहे. पलीकडे मध्य प्रदेश लागतो. पावसाळ्यात बांध्या पाण्याने भरतात, बिळात पाणी शिरते, आणि साप कोरडी जागा शोधत धुऱ्यावर, तणसाच्या ढिगात, घरातही येतात. काही वर्षांपूर्वी ऐन रोवण्यात आमच्या भागातली एक बाई दिवसभर चिखलात वाकून घरी आली, जेवली आणि जमिनीवरच निजली. पहाटे म्हणाली, पोटात दुखते. मग म्हणाली, पापण्या उचलत नाहीत. घरच्यांना वाटले, थकवा असेल. मग शंका आली, तेव्हा आधी झाडफूक झाली, आणि त्यानंतर गाडी. दवाखान्यात पोचली तेव्हा श्वास मंदावला होता. ती वाचली नाही.

मी त्या घरी भेटायला गेलो. केव्हा चावले, असे विचारले, तर तिचा मुलगा म्हणाला, "रातीच कवातरी चावलं असन जी." पापण्या किती वाजता जड झाल्या, घरून केव्हा निघाले, औषध केव्हा सुरू झाले, कोणालाच सांगता आले नाही. दवाखान्याच्या कागदावर तारीख होती आणि 'सर्पदंश' एवढा एकच शब्द. बाई गेली, आणि तिच्या मरणापासून पुढच्या बाईसाठी कोणाला काही शिकता आले नाही. मला हे दुसरे नुकसानही लहान वाटत नाही.

त्यानंतर एकदा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो आता डॉक्टर आहे, ग्रामीण भागात सरकारी नोकरीत. हातात दोन पाने होती. म्हणाला, "सर, परिषदेला गोषवारा पाठवायचा आहे. सर्पदंशाच्या रुग्णांवरचा. भाषा जरा पाहून द्या ना." मी भाषेचा मास्तर, भाषा पाहायला बसलो. पहिलेच वाक्य होते, बरेच रुग्ण उशिरा येतात. मी विचारले, "बरेच म्हणजे किती? आणि कितीपैकी?" तो गप्प राहिला. "उशिरा म्हणजे किती तासांनी?" तो म्हणाला, "सर, तेच तर कागदावर लिहिलेलं नसते." भाषेचा दोष मला दुरुस्त करता आला असता, पण हा दोष भाषेचा नव्हता. त्या वर्षी त्याचा गोषवारा परत आला. तो खट्टू झाला. परंतु त्या निमित्ताने आम्ही दोघे या प्रकाराचा अभ्यास करायला लागलो. तो अभ्यास तुमच्यापुढे ठेवतो.

गोषवाऱ्याचे साधारण पाच भाग असतात. पहिला, प्रश्न काय आहे आणि तो का महत्त्वाचा. दुसरा, आम्ही नेमके काय शोधायला निघालो. तिसरा, ते कसे शोधले. म्हणजे कोणते रुग्ण घेतले, कोणते सोडले, काय मोजले. चौथा, काय आढळले. आणि पाचवा, त्यावरून काय म्हणता येते. वैद्यकीय मासिकातल्या लेखाच्या डोक्यावरही असाच गोषवारा छापतात. उदाहरण द्यायचे तर आपल्याच महाराष्ट्रातले देतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेले. वैद्यकीचे पहिले शिक्षण त्यांनी नागपुरात घेतले. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू फार. त्याच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि नोंदी करू लागले: घाम केव्हा सुटला, उलटी केव्हा झाली, हातपाय केव्हा गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती. १९८२ साली या आरंभीच्या लक्षणांवरचा त्यांचा लेख इंग्लंडच्या 'लॅन्सेट' नियतकालिकात छापून आला. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर भार पडतो आणि फुप्फुसात पाणी भरते. मग आकसलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध का देऊ नये? रक्तदाबासाठी वापरात असलेली प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यांनी वापरली, आणि १९८६ साली तिचा अनुभव त्याच नियतकालिकात मांडला. या गोळीने विंचूदंशाच्या उपचाराची दिशाच बदलली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढे विंचवाच्या विषावर लसही निघाली. तेव्हा प्रश्न आला: नुसती गोळी पुरे, की जोडीला लस द्यावी? बावस्कर पतिपत्नींनी महाडच्या आपल्या रुग्णालयात याची परीक्षा केली, आणि २०११ साली ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा गोषवारा पाहा. रुग्ण किती? ७०. कसे निवडले? विशिष्ट पायरीची विषबाधा झालेले, पण हृदय, श्वास आणि मेंदू यांत बिघाड न झालेले. कसे वाटले? ३५ जणांना गोळी आणि लस, ३५ जणांना नुसती गोळी; कोणाला काय, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी उचलावी तशा पद्धतीने ठरले. काय मोजले? औषध दिल्यापासून दहा तासांत किती जण पूर्ण बरे झाले. काय आढळले? लस आणि गोळी घेतलेल्या ३५ पैकी ३२. नुसती गोळी घेतलेल्या ३५ पैकी ८.

श्रोतेहो, यात 'बरेच', 'पुष्कळ', 'लवकर' असा एकही सैल शब्द नाही. दहा तास म्हटले ते घड्याळाचे दहा तास. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कोणाला काय औषध दिले हे या परीक्षेत डॉक्टरांना ठाऊक होते. ही त्यातली एक मर्यादा. ती लपवली नाही, लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकली. आपल्या कामातले उणे आपणच आधी सांगावे, ही शास्त्राची रीत आहे.

आता पाठवण्याची पद्धत. परिषदेच्या कित्येक महिने आधी शेवटची तारीख जाहीर होते. शब्दांची मर्यादा ठरलेली असते. ती ओलांडली तर संगणक पुढे सरकू देत नाही. लेखकांची आणि रुग्णालयाची नावे वेगळ्या रकान्यात भरतात, आणि बहुतेक ठिकाणी ती परीक्षकांना दिसत नाहीत. म्हणजे मोठ्या शहरातल्या प्राध्यापकाचा आणि खेड्यातल्या डॉक्टराचा कागद एकाच तराजूत पडावा, अशी ती योजना असते. दोन-तीन परीक्षक स्वतंत्रपणे गुण देतात. काही गोषवारे व्यासपीठावर बोलून मांडायला निवडतात, काही भित्तिपत्रकाच्या रूपाने, आणि बाकीचे नाकारतात. रुग्णाचे नाव किंवा तो ओळखू येईल अशी खूण कुठेही येता कामा नये. शिवाय माणसांवरच्या अशा संशोधनाला नीतिसमितीची संमती काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावी लागते. ते योग्यच आहे. दुखणे रुग्णाचे, त्याची गोष्ट सांगताना त्याची अब्रू राखलीच पाहिजे.

नाकारले जाण्याची कारणेही ठरलेली असतात. एक, 'निष्कर्ष परिषदेत सांगू' असे लिहून जागा अडवणे. काम अर्धे झालेले, तारीख जवळ आलेली, म्हणून पुढच्या पिकावर आज उचल घ्यावी तसा हा प्रकार. दोन, नुसती टक्केवारी. शेकडा ८० बरे झाले, असे ऐकून माणूस दबतो. पण पाचपैकी चार म्हणजेही शेकडा ८० होतात. पट न सांगता हजेरी सांगण्यासारखे हे आहे. तीन, मुठीपेक्षा घास मोठा. एका तालुक्यातले थोडे रुग्ण पाहायचे आणि साऱ्या देशाने काय करावे हे सांगायचे. आणि चार, मेलेल्यांचा किंवा मध्येच निघून गेलेल्यांचा हिशेब न देणे. हा दोष मला सर्वांत वाईट वाटतो. जो वाचला तो बोलतो. जो गेला त्याच्या वतीने कागदानेच बोलायचे असते.

गोषवारा स्वीकारला म्हणजे काम संपले, असेही नाही. परिषदांत मांडलेल्या गोषवाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पुढे पूर्ण लेख म्हणून कधी छापलेच जात नाहीत, असे जगभरच्या पाहणीत दिसून आले आहे. टाळ्या पडतात, प्रमाणपत्र मिळते, आणि कागद कपाटात जातो. म्हणून गोषवारा हे वचन समजावे. मोजले तेवढेच सांगेन आणि सांगितले ते पूर्ण मांडीन, असे ते वचन आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सापाच्या दंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. २०२४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय आराखडा काढला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे त्यात ठरले. पण निम्मे झाले की नाही हे कळायला आधी मोजदाद हवी. आणि ती दिल्लीत सुरू होत नाही. ज्या घरात साप चावला त्या घरात सुरू होते.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. दंश झाला तर कापाकापी करू नका, आवळून बांधू नका, साप पकडण्यात किंवा झाडफुकीत वेळ दवडू नका. रुग्णाला धीर द्या, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. मात्र निघता निघता एक माणूस घड्याळ पाहील असे करा. चावले केव्हा, किंवा शेवटचे बरे कधी पाहिले. पहिले लक्षण कोणते आणि किती वाजता. घरून निघाले केव्हा. या तीन गोष्टी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. त्याने रुग्णाच्या उपचाराला मदत होईल, आणि पुढे कोणा डॉक्टराच्या गोषवाऱ्यात 'बरेच' या शब्दाच्या जागी खरा आकडा बसेल.

गुरुजनहो, आठवी-नववीच्या मुलांना हे तुम्ही सहज शिकवू शकता. घरातले मोठे घाबरले की त्यांना घड्याळ सुचत नाही, मुलाला सुचते. एखाद्या दिवशी वर्गात हा प्रसंग करून पाहा, आणि मुलांकडून त्या तीन ओळी लिहून घ्या.

माझ्या विद्यार्थ्याने आपल्या दवाखान्यात आता केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात शिक्का मारून घेतला आहे: दंशाची वेळ, पहिले लक्षण, पोचण्याची वेळ. रीतसर परवानगीही काढली आहे. मध्यंतरी तो भेटला तेव्हा मी विचारले, "काय रे, यंदा गोषवारा पाठवतोस ना?" तो म्हणाला, "नाही सर. अजून एक पावसाळा मोजू द्या."

मला त्याचे उत्तर आवडले. गोषवारा परत आला तेव्हा मी त्याची समजूत काढली होती. या वेळी त्याची गरज पडली नाही.