घरची पंगत

पाहुण्यांस घरीं पंगतीला बोलाविणें हें गृहस्थधर्माचें भूषण होय. केळीच्या पानावर शिरोभागीं मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्यें वरणभाताची मूद व तिजवर साजूक तूप. हा क्रम मीं मुलांकडून विभक्तिप्रत्ययांप्रमाणें पाठ करविला.

परंतु एक चूक साठीनंतर उमगली. गेल्या पाडव्यास पुरणपोळ्या करून दमलेल्या आमच्या सूनबाई सर्वांमागून जेवावयास बसल्या, तेव्हां कटाची आमटी संपलेली होती. त्या कांहींच बोलल्या नाहींत, मीच लाजलों.

तेव्हांपासून शेवटच्या पंगतीचा वाढपी मी. आमटी आधींच निराळी काढून ठेवितों, पोळीवर तूप स्वहस्तें वाढितों. वाचकहो, रांधणाऱ्या हातांस ऊन अन्न मिळेपर्यंत यजमानानें आतिथ्य पुरें झालें असें मानूं नये.