आधी मास्तर, मग मंदिर
नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्या कशा उभ्या राहिल्या



शिर्डीहून नगरच्या रस्त्याला लागले की राहाता, बाभळेश्वर, कोल्हार, राहुरी अशी गावे एकामागून एक येतात. यातल्या एखाद्या फाट्यावरून आत वळले, तर वस्तीच्या कडेला एखादी बुटकी, चुना दिलेली इमारत दिसते. वर लहानसा क्रूस, दारात चपलांची रांग, आत सतरंज्या, कोपऱ्यात पेटी आणि तबला. हेच तिथल्या मंडळीचे प्रार्थनामंदिर. पाहणाऱ्याला वाटते, कोणीतरी पैसे आणून आधी देवालय बांधले असेल आणि मग लोक जमले असतील. आपल्या जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी घडले ते उलट.

हे आज सांगायचे कारण असे की, पाठीराख्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो. अकोले-संगमनेरच्या ठाकर वाड्यांवर, गोदावरी-प्रवरेकाठच्या भिल्ल वस्त्यांवर काम चालते, मग तिथे प्रार्थनामंदिर कधी बांधणार? प्रश्न प्रेमाचा आहे. त्याचे उत्तर आपल्याच मंडळ्यांच्या इतिहासात सापडते.

अमेरिकन मराठी मिशनचे ग्रेव्ह्ज, हर्वी आणि रीड हे तिघे मिशनरी डिसेंबर १८३१ मध्ये अहमदनगरला आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे नुकतेच ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. हर्वीसाहेब काही महिन्यांतच पटकीने वारले आणि १८३३ मध्ये त्याच रोगाने बाबाजीही गेले. तेवढ्या थोड्या काळात बाबाजींनी शहरातल्या आंधळ्या-पांगळ्यांच्या, निराधारांच्या आश्रयस्थानाची देखरेख केली. नगरची पहिली मंडळी १८३३ मध्ये स्थापन झाली, तिच्या आरंभीच्या सभासदांत या आश्रयस्थानातली माणसे होती. आपली मुळे कोणाच्या उंबऱ्यावर रुजली, हे आपण विसरता कामा नये.

पुढे शाळा आल्या. मिस सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. १८४२ मध्ये नगरहूनच ‘ज्ञानोदय’ निघाले. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. म्हणजे पहिल्या पंचवीस वर्षांतच मंडळीची धुरा आपल्या माणसांच्या खांद्यावर येऊ लागली होती.

खेड्यांतली गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने गेली. नेवासे तालुक्यातील वडाळा हे तिचे एक मोठे ठाणे. रेव्ह. सॅम्युएल फेअरबँक १८४६ मध्ये या देशात आले आणि पुढे त्यांनी वडाळ्याला बिऱ्हाड केले. गावोगाव फिरताना त्यांची नजर पाखरांवरही असे. दख्खनच्या पक्ष्यांची त्यांनी यादी केली आणि दक्षिणेतल्या डोंगरातल्या एका पाखराला शास्त्रज्ञांनी त्यांचेच नाव दिले. पण खेड्यातल्या माणसाला त्यांची आठवण राहिली ती शाळांमुळे.

या शाळा कशा चालत? महारवाड्यातला किंवा मांगवाड्यातला तक्क्या, नाहीतर कोणाचा सोपा हाच वर्ग. कारण इथल्या मुलांना गावच्या शाळेत बसू देत नसत. नगरला शिकलेला एक तरुण मास्तर बायकोमुलांसह वस्तीत येऊन राही. दिवसा मुलांना अक्षरे आणि अंक, संध्याकाळी दिव्याच्या उजेडात मोठ्या माणसांना शास्त्रातली गोष्ट. कोणाचा अर्ज लिहून दे, कोणाच्या सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचून सांग, हेही त्याच्याकडेच. मास्तरीणबाई मुलींना शिकवीत, बाळंतिणीकडे जाऊन येत. रविवार आला की त्याच जागेत तीच माणसे उपासनेला बसत. चार-सहा कुटुंबे बाप्तिस्मा घेऊन एकत्र आली की त्यांची मंडळी होई, वडील आणि सेवक निवडले जात. प्रार्थनामंदिराची वेगळी भिंत उभी राही ती सर्वांत शेवटी, आणि पुष्कळदा तीही शाळेची खोलीच असे.

वाचता न येणाऱ्यांसाठी कीर्तन होते. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६० नंतरच्या काळात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू केली. ऐकणाऱ्याला टाळ, मृदंग आणि अभंगाचा ठेका ओळखीचा होता. त्यात ख्रिस्तचरित्राची कथा आली, तेव्हा ती परकी वाटली नाही. पुढे रेव्ह. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी नगर आणि राहुरी इथे संसार केला. टिळकांची शंभराहून अधिक पदे आज ‘उपासना संगीता’त आहेत. सतरंजीवर बसून पेटीच्या सुरात आपण ती गातो, तेव्हा हा सगळा काळ आपल्याबरोबर गात असतो.

मग दुष्काळ आले. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९९–१९००. रिकाम्या कणग्या, मेलेली गुरे, खडी फोडायच्या कामावर गेलेली कुटुंबे. या काळात मिशनच्या आश्रयाला पुष्कळ लोक आले आणि बाप्तिस्मे वाढले. ‘पोटासाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणा आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकला आहे. तो लपवण्याचे कारण नाही. भुकेल्याला भाकरी देणे ही प्रभूचीच आज्ञा आहे. पण भाकरीने जवळ आलेला माणूस सुकाळ झाल्यावर का थांबेल, हा प्रश्नही खरा होता. काही परत गेलेही. जे राहिले त्यांना शिकवायला माणूस हवा होता. पहिल्या दुष्काळाच्या शेवटी, १८७८ मध्ये, रेव्ह. रॉबर्ट ह्यूम यांनी नगरला ईश्वरविज्ञान विद्यालय काढले, त्यात खेड्यांसाठी उपदेशक तयार होऊ लागले.

याचे फळ दूरवर पोहोचले. १९४७ मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केले. तक्क्यातल्या पाटीपासून कॉलेजपर्यंतचा हा रस्ता शंभर वर्षांचा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळीची (सी. एन. आय.) स्थापना झाली आणि जुन्या मिशनच्या मंडळ्या तिच्यात आल्या.

या रस्त्याची किंमतही द्यावी लागली. शिकलेली मुले पुण्या-मुंबईला गेली आणि गावच्या प्रार्थनामंदिरात म्हातारी माणसे उरली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना त्या जातींच्या सवलती मिळेनाशा झाल्या. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही, हा फरक वाड्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावा आणि विचारणाऱ्याला खरे तेच सांगावे. पण कागदावर सवलत असणे आणि ती पोराच्या हाती पडणे यात मोठे अंतर आहे. जातीचा दाखला, आश्रमशाळेतला प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, हे करून देणारा शिकलेला माणूस वाडीत लागतोच. दीडशे वर्षांपूर्वी मास्तर हेच करीत होता.

म्हणून मंदिराच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. वाडीवर खोली जरूर व्हावी, पण तिच्या भिंतीवर आधी फळा लागावा. तिथे रोज संध्याकाळी दिवा लावणारा माणूस त्याच वाडीतला असावा आणि त्याच्या चरितार्थाची काळजी आपण घ्यावी. आलेल्या मुलाला त्याने त्याचा धर्म विचारू नये. आपल्या पूर्वजांनाही पाटी हाती देण्याआधी कोणी तो विचारला नव्हता. मंडळी जमवणे प्रभूच्या हाती आहे. ती जमली, तर भिंती तीच उभारील, आणि त्या भिंती टिकतील.

प्रार्थनेचे विषय : १) वाड्यांवर संध्याकाळचे वर्ग घेणाऱ्या तरुण-तरुणींसाठी. २) ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर आईबापांबरोबर जाणाऱ्या, शाळा सुटणाऱ्या मुलांसाठी. ३) ओस पडत चाललेल्या आपल्या जुन्या खेडेगावच्या मंडळ्यांसाठी. तुमच्या गावच्या प्रार्थनामंदिरात पहिला मास्तर कोण होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा. त्याचे नाव लिहून ठेवा आणि येत्या रविवारी त्याच्यासाठी देवाचे आभार माना.