सायकलीची घडण : उंच चाकाकडून सारख्या चाकांकडे

सायकल हे यंत्र आपल्या इतक्या परिचयाचे आहे, की ते असेच का, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. दोन सारखी चाके, त्यांना जोडणारी चौकट आणि मागचे चाक फिरवणारी साखळी ही रचना आपल्याला स्वयंसिद्ध वाटते. परंतु ती सिद्ध होण्यास सुमारे ७० वर्षे लागली. या वाटचालीत एका टप्प्यावर वेग वाढला, पण बसणाऱ्यांची संख्या मात्र घटली. हा टप्पा नीट समजून घेण्याजोगा आहे.

१८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस यांनी एकामागे एक चाके असलेले लाकडी वाहन चालवून दाखवले. त्याला पायडल नव्हते. बसणाऱ्याने पायांनी जमीन मागे रेटायची. तरीही मूळ शोध येथेच लागला. वाहन ज्या बाजूला कलेल त्या बाजूला पुढचे चाक वळवले, की दोन चाकांवरही तोल सावरतो, हे त्यातून प्रत्ययास आले.

पाय जमिनीवरून उचलले गेले ते १८६० नंतरच्या दशकात, पॅरिसमध्ये. पिएर मिशो आणि पिएर लालमां ही दोन नावे त्या संदर्भात घेतली जातात. श्रेयाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढच्या चाकाच्या आसालाच पायडल बसवले गेले. चाके लाकडी आणि त्यांवर बैलगाडीसारखी लोखंडी धाव. त्यामुळे इंग्रजांनी या वाहनाला हाडे खिळखिळी करणारे यंत्र असे नाव ठेवले.

या रचनेत एक अडचण दडलेली होती. पायडल थेट चाकालाच जोडलेले असल्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. म्हणून वेग हवा असेल, तर चाक मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८७० साली इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी ताणलेल्या पातळ तारांचे, हलके पण बळकट चाक असलेली सायकल बनवली. पुढे चाक वाढता वाढता ५४ इंच व्यासापर्यंत, काही वेळा त्याहूनही मोठे झाले. ५४ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे ४.३ मीटर अंतर कापते. मर्यादा एकच, बसणाऱ्याच्या पायांची लांबी!

पण एवढ्या उंचीवर, जवळजवळ पुढच्या आसावर बसलेला माणूस, वाटेत दगड आला की डोक्यावर आदळे. हे वाहन उंचापुऱ्या, धाडसी तरुणांचे झाले. स्त्रिया, वयस्क आणि ठेंगणी माणसे यांच्या वाट्याला, शक्य असल्यास, जड तीनचाकी आली. यंत्र सुधारले, परंतु त्याचे दार अरुंद झाले.

ही कोंडी साखळीने फोडली. १८८५ साली कॉव्हेंट्री येथे जेम्स स्टार्ली यांचेच पुतणे जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल पुढे आणली. तिचे पायडल चौकटीच्या मध्यावर होते आणि साखळी मागचे चाक फिरवत होती. समजा, पुढच्या दंतचक्राला ३६ दात आहेत आणि मागच्याला १८. तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन फेरे होतात. म्हणजे २८ इंची चाकही सुमारे ४.५ मीटर अंतर कापते. वेगासाठी उंचीची गरज उरली नाही, आणि पाय जमिनीला टेकू लागले.

लहान चाकाला धक्के मात्र अधिक बसत. १८८८ साली बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. मुलाच्या तीनचाकीसाठी त्यांनी तो प्रयोग केला होता. गंमत अशी, की रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी तीच कल्पना सुमारे ४० वर्षांपूर्वी मांडली होती. परंतु तिची निकड भासेल असे वाहन तेव्हा लोकांच्या हाती नव्हते, म्हणून ती विस्मरणात गेली.

साखळी आणि हवेचा टायर यांचा संयोग झाला आणि उंच चाक अल्पावधीत मागे पडले. मधली दांडी खाली घेतलेली, स्त्रियांसाठीची सायकलही लवकरच आली. १८९६ साली अमेरिकेतील सूझन अँथनी यांनी स्त्रियांच्या मुक्तीचे मोठे श्रेय सायकलीला दिले. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९० नंतरच्या आरंभीच्या काळात, तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांतल्या काहींना पुरुषांची सायकलच अधिक सोयीची वाटली. कारण तिच्या मधल्या दांडीवर मूल बसवता येते!

सायकलीत यानंतरही गिअर आले, हलके धातू आले. तरी १८८५ च्या सायकलीची मूळ मांडणी आजही बहुतांश सायकलींत ओळखू येते. ती टिकली, याचे एक कारण मला असे दिसते, की तिने वेग न गमावता दुर्बलालाही बसायला जागा दिली. कोणत्याही यंत्राची, आणि शाळेचीही, प्रगती जोखताना ‘किती वेगाने’ या प्रश्नाबरोबर ‘कोणाकोणाला घेऊन’ हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे.