मॉर्फिनची भीती: कुठे अनाठायी, कुठे रास्त

कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी डॉक्टर मॉर्फिनच्या गोळ्या लिहून देतात, तेव्हा रुग्णाच्या घरात बहुधा दोनच शंका उमटतात: याचे व्यसन तर लागणार नाही ना, आणि आता शेवट जवळ आला की काय. दोन्ही शंका स्वाभाविक आहेत. मात्र या औषधाच्या बाबतीत ज्या गोष्टींची खरोखर धास्ती बाळगायला हवी, त्यांच्याकडे या शंकांच्या गर्दीत कोणाचे लक्षच जात नाही.

मॉर्फिन हे अफूच्या बोंडांतील चिकापासून मिळणारे वेदनाशामक असून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने ते प्रथम वेगळे केले. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, तरीही देशातील असंख्य रुग्णांपर्यंत मॉर्फिन पोहोचत नव्हते, कारण 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर रुग्णालयांना ते बाळगण्यासाठी निरनिराळ्या कार्यालयांचे अनेक परवाने मिळवावे लागत आणि शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. 2014 च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वेगळा वर्ग करून ही वाट सोपी केली. पण जे औषध कायद्याने एवढे बंदिस्त केले ते विषासमानच असणार, ही लोकांच्या मनातील समजूत, आणि काही डॉक्टरांच्या मनातीलही, दुरुस्तीने पुसली गेलेली नाही.

व्यसनाविषयीचा गोंधळ मुख्यतः तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्यामुळे होतो. काही आठवड्यांच्या नियमित वापरानंतर औषध एकाएकी थांबवल्यास घाम, जुलाब, अस्वस्थता अशी लक्षणे दिसतात, याला शारीरिक अवलंबन म्हणतात; शरीर औषधाला सरावल्याने पूर्वीच्या मात्रेचा परिणाम कमी होतो, ही दुसरी गोष्ट; आणि हानी दिसत असूनही वेदनेसाठी नव्हे तर नशेसाठी औषधामागे धावणे, हे व्यसन. पहिल्या दोन गोष्टी शरीराच्या सामान्य प्रतिक्रिया आहेत. कर्करोगाच्या वेदनेसाठी देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्यांत तिसरी क्वचित दिसते, अर्थात पूर्वी दारूचे किंवा अन्य व्यसन असलेल्यांच्या बाबतीत अधिक जागरूक राहावे लागते. कर्करोगाच्या रुग्णाची मात्रा वाढवावी लागली, तर त्याचे कारण पुष्कळदा आजार वाढणे हेच असते.

मॉर्फिन म्हणजे अखेरचे औषध, हा समजही असाच चिवट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये वेदनाशामकांची जी तीन पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्यात पॅरासिटामॉलसारखी औषधे पहिल्या, कोडीनसारखी सौम्य अफूवर्गीय औषधे दुसऱ्या आणि मॉर्फिन तिसऱ्या पायरीवर होते. पण कोणती पायरी गाठायची हे वेदनेच्या तीव्रतेवरून ठरे, उरलेल्या आयुष्यावरून नव्हे. हाडात पसरलेल्या गाठीवर किरणोपचार केल्यावर वेदना ओसरली, की मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवून मॉर्फिन बंदही करता येते.

‘अगदी सहन होईनासे झाले तरच गोळी घ्यावी’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला मात्र रुग्णाचे थेट नुकसान करतो. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, त्यामुळे 10 मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, म्हणजे दिवसाला 60 मिलिग्रॅम, असे वेळापत्रक ठरले असेल, तर सकाळी सहाची गोळी दुखत नाही म्हणून टाळल्यास दहाच्या सुमारास चढलेली वेदना आटोक्यात आणणे अधिक अवघड जाते. मध्येच कळ उठल्यास घ्यायची जादा मात्रा डॉक्टर आधीच सांगून ठेवतात, आणि ती साधारणतः दिवसाच्या एकूण मात्रेच्या एक षष्ठांश असते. अशा जादा गोळ्यांची वेळ वहीत टिपलेली असेल, तर पुढची मात्रा अंदाजाने ठरवावी लागत नाही.

बारा तास पुरणारी गोळी वेगळी असते. तिच्यातील औषध हळूहळू सुटावे अशी तिची घडण असल्याने, गिळता येत नाही म्हणून ती कुटून पाण्यात कालवली, तर बारा तासांचे औषध थोड्याच वेळात रक्तात उतरते. घरातील खलबत्ता येथे खरोखर धोकादायक ठरतो.

मॉर्फिनने श्वास मंदावतो, ही भीती निराधार नाही. परंतु लहान मात्रेपासून सुरुवात करून बेताने वाढवल्यास तसे सहसा घडत नाही. धोका वाढतो तो दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्यास, आणि मूत्रपिंडे कमजोर असल्यास, कारण मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे परिणामकारक घटक मूत्रावाटेच बाहेर पडतात व ती वाट मंदावली की साचत जातात. पहिल्या काही दिवसांची गुंगी पुष्कळदा आपोआप ओसरते. पण हाक मारूनही रुग्ण नीट जागा होत नसेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील आणि श्वास अगदी संथ चालला असेल, तर ती थकव्याची झोप समजू नये. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. तेथे नॅलोक्झोन हा उतारा देता येतो.

सर्वाधिक दुर्लक्षित त्रास बद्धकोष्ठतेचा. मळमळ आणि गुंगी यांना शरीर सरावते, बद्धकोष्ठतेला मात्र जवळजवळ सरावत नाही, म्हणून आतड्यांना चालना देणारे सोनामुखीचे किंवा बिसॅकोडिलसारखे रेचक बहुधा पहिल्या दिवसापासूनच दिले जाते. त्याऐवजी घरच्या घरी इसबगोल सुरू करणे येथे हितावह नसते, कारण आतड्यांची हालचालच मंदावलेली असताना, आणि रुग्ण पाणीही जेमतेम पीत असताना, फुगलेला भुसा आत अडकून बसू शकतो. वेदना थांबूनही केवळ या त्रासापायी मॉर्फिन सोडून देणारे रुग्ण असतात, आणि ते टाळता येण्याजोगे असते.

सुई गोळीपेक्षा जालीम, हाही समज तपासण्यासारखा आहे. तोंडावाटे घेतलेल्या मॉर्फिनचा बराच भाग यकृतातच निष्प्रभ होत असल्यामुळे सुईची मात्रा गोळीच्या सुमारे एक तृतीयांश ठेवली जाते. योग्य मात्रेत वेदनाशमन सारखेच होते, त्यामुळे गिळता येत असेपर्यंत गोळीच पसंत केली जाते.

उरलेल्या गोळ्या गुडघेदुखीने हैराण झालेल्या शेजाऱ्याला सद्भावनेने देणे हा कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय आठवडे-महिने सरावलेल्या शरीराला सहज पेलणारी 30 मिलिग्रॅमची मात्रा, कधीही मॉर्फिन न घेतलेल्या वृद्धाचा श्वास रात्रीतून मंदावू शकते. म्हणून या गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलुपात ठेवाव्यात, आणि रुग्णाच्या पश्चात त्या ज्या रुग्णालयातून आणल्या तेथेच मोजून परत कराव्यात.